किल्ली कोणाच्या हाती?
सामाईक सर्व्हरवरील फायलींचे अधिकार : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

शासकीय कामकाजात दप्तराला असलेले महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. जमीन कोणाची, जन्म कोठला, कर किती, अनुदान कोणास, या सर्व प्रश्नांची उत्तरे अखेर कागदावरच मिळतात. म्हणूनच तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षाला पूर्वापार कुलूप असते, किल्ली अभिलेखपालाकडे असते, आणि रुमालात बांधलेला प्रत्येक बस्ता बाहेर काढताना त्याची नोंद होते. कागद कोणी पाहावा, कोणी त्यावर लिहावे, तो केव्हा नष्ट करावा, याचे नियम ठरलेले असतात. ‘अ’ वर्गातील अभिलेख कायम जपावयाचा, तर ‘ड’ वर्गातील अल्पकाळाने नष्ट करावयाचा, ही वर्गवारी प्रत्येक कारकुनाच्या परिचयाची आहे.

संगणक आला आणि हेच दप्तर एका पेटीत सामावले. कार्यालयातील दहा-पंधरा संगणक एका मुख्य संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जोडले गेले आणि सर्व शाखांच्या फायली तेथे एकत्र आल्या. सोय मोठीच झाली, पण त्याबरोबर एक नवा प्रश्नही उभा राहिला. अभिलेख कक्षाचे कुलूप डोळ्यांना दिसते. दार उघडे राहिले, तर शिपायाच्याही ते लक्षात येते. सर्व्हरवरील कुलूप मात्र दिसत नाही. ते लावलेले आहे किंवा नाही, त्याची किल्ली किती जणांकडे आहे, हे मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही. हे अदृश्य कुलूप कसे असते, ते कसे लावावे आणि ते ढिले राहिल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जालना जिल्ह्याचे दप्तर

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके धरून आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे येथील जुन्या दप्तरात मराठीबरोबर उर्दू कागदही आढळतात आणि काही नोंदी मोडी लिपीत आहेत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही ही नावे मराठवाड्यातील महसुली कर्मचाऱ्यांस अपरिचित नाहीत.

या जुन्या कागदांचे मोल २०२३ मध्ये सर्वांच्याच ध्यानात आले. अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षण आंदोलनानंतर राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रथम मराठवाड्यात आणि पुढे राज्यभर कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. महसुली अभिलेखांबरोबरच शाळांची प्रवेश निर्गम रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, कारागृह व पोलीस खात्याचे दप्तर अशी कितीतरी कागदपत्रे तपासली गेली. सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा संगणकावर उतरवून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या.

अशा प्रतिमांच्या बाबतीत अधिकारांचा प्रश्न अगदी स्वच्छ स्वरूपात दिसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाची प्रतिमा सर्वांनी पाहावी, पण तीत कोणीही काही बदलू नये. वाचण्याचा अधिकार सर्वांना आणि लिहिण्याचा कोणालाही नाही. आज रोज भर पडणाऱ्या दप्तराचे तसे नाही. तेथे कोणी लिहावे, कोणी तपासावे, कोणी केवळ पाहावे आणि कोणास दारही दिसू नये, हे प्रत्येक फोल्डरगणिक ठरवावे लागते. हे ठरवणे म्हणजेच फायलींच्या अधिकारांची मांडणी होय.

वाचणे, लिहिणे आणि प्रवेश करणे

एकाच संगणकावर अनेकांनी काम करावयाचे, तर एकाचा मजकूर दुसऱ्यापासून सुरक्षित कसा ठेवावा, हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकातच संशोधकांपुढे उभा राहिला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीने त्यास एक सुटसुटीत उत्तर दिले. आज असंख्य सर्व्हरांवर चालणारी लिनक्स प्रणाली हीच पद्धत वापरते.

या पद्धतीत प्रत्येक फाइलीच्या संबंधात माणसांचे तीन वर्ग मानतात : फाइलीचा मालक, मालकाचा गट आणि इतर सर्व. प्रत्येक वर्गास तीन प्रकारचे अधिकार देता येतात. वाचण्याच्या अधिकाराचा अंक ४, लिहिण्याचा २ आणि चालवण्याचा १. या अंकांची बेरीज करून अधिकार लिहितात. वाचणे व लिहिणे दोन्ही असल्यास ६, केवळ वाचणे असल्यास ४, काहीच नसल्यास ०. म्हणजे एखाद्या फाइलीवर ६४० असा आकडा असेल, तर मालकाने ती वाचावी व लिहावी, गटातील सहकाऱ्यांनी केवळ वाचावी आणि इतरांनी तिला हातही लावू नये, असा त्याचा अर्थ होतो. ७७७ याचा अर्थ सर्वांना सर्व काही मोकळे. एखादे काम अडले की घाईने ७७७ लावण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती अभिलेख कक्षाचे दार काढून ठेवण्यासारखी आहे.

फोल्डरच्या बाबतीत याच तीन अधिकारांचा अर्थ थोडा निराळा होतो आणि येथेच पुष्कळांची गल्लत होते. फोल्डर वाचणे म्हणजे आतील फायलींची यादी पाहणे. फोल्डरवर चालवण्याचा अधिकार म्हणजे आत प्रवेश करणे. फोल्डरवर लिहिणे म्हणजे त्यात नवी फाइल निर्माण करणे, असलेल्या फाइलीचे नाव बदलणे किंवा ती काढून टाकणे. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. फाइल केवळ वाचण्यापुरती खुली असली, तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहिण्याचा अधिकार असलेला मनुष्य ती संपूर्ण फाइलच नाहीशी करू शकतो. बस्त्यातील कागदावर खाडाखोड करण्यास मनाई आहे, पण बस्ताच उचलून नेण्यास मोकळीक आहे, असा हा प्रकार होय. म्हणून केवळ फाइलीवर कुलूप लावून भागत नाही, ती ज्यात आहे त्या फोल्डरचाही विचार करावा लागतो.

विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये अधिकारांची यादी अधिक लांब असते. ‘रीड’ म्हणजे वाचणे, ‘राइट’ म्हणजे लिहिणे, ‘मॉडिफाय’ म्हणजे बदलणे व काढून टाकणे, आणि ‘फुल कंट्रोल’ म्हणजे या सर्वांखेरीज दुसऱ्याचे अधिकारही बदलण्याची मुभा. यांपैकी शेवटचा अधिकार फार जपून द्यावा लागतो. ज्यास तो मिळाला, तो उद्या स्वतःच्या मर्जीने दुसऱ्यासही दार उघडून देऊ शकतो. रोजच्या कामास ‘मॉडिफाय’ पुरेसा असतो.

एका तहसील कार्यालयाचे उदाहरण

समजा, एका तहसील कार्यालयात सर्व शाखांसाठी एक सामाईक सर्व्हर ठेवला आहे. आस्थापना, पुरवठा, निवडणूक, संजय गांधी निराधार योजना, नैसर्गिक आपत्ती आणि गौण खनिज अशा शाखा तेथे काम करतात. अधिकारांची मांडणी करताना पहिले काम संगणकावर नव्हे, तर कागदावर करावयाचे असते. डाव्या बाजूस फोल्डरांची नावे लिहावीत, वरच्या बाजूस पदांची नावे लिहावीत आणि प्रत्येक चौकटीत ‘वाचणे’, ‘लिहिणे’ किंवा ‘काहीही नाही’ असे भरावे. हा तक्ता कार्यालय प्रमुखाने स्वाक्षरीनिशी मंजूर करावा. संगणकाची माहिती असणाऱ्या कर्मचाऱ्याने तो केवळ अंमलात आणावयाचा असतो. कोणी काय पाहावे हा निर्णय प्रशासकीय आहे, तांत्रिक नव्हे, हे येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

तक्ता भरताना एक तत्त्व पाळावे. ज्यास जेवढे काम, त्यास तेवढाच अधिकार. जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर या संशोधकांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणासंबंधी जी मूलतत्त्वे मांडली, त्यांत या तत्त्वास महत्त्वाचे स्थान आहे. पुरवठा शाखेच्या महसूल सहायकास शिधापत्रिकांच्या याद्यांवर लिहावे लागते, परंतु आस्थापना शाखेतील गोपनीय अहवाल त्याने वाचण्याचे कारण नाही. निराधार योजनेच्या अर्जांत वृद्धांची, विधवांची व दिव्यांगांची वैयक्तिक माहिती आणि बँक खाती असतात. ती त्या शाखेबाहेर जाऊ नयेत. तहसीलदारांना सर्व शाखांचे फोल्डर वाचता यावेत, पण प्रत्येक फाइलीवर लिहिण्याचा अधिकार त्यांनाही लागतोच असे नाही.

दुसरे तत्त्व असे की, अधिकार व्यक्तीस न देता पदास द्यावेत. सर्व्हरवर प्रत्येक शाखेच्या नावाने एक गट निर्माण करावा, फोल्डरवर त्या गटास अधिकार द्यावेत आणि मग कर्मचाऱ्यास गटाचा सभासद करावे. राज्यात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. व्यक्तीच्या नावाने अधिकार दिले असल्यास प्रत्येक बदलीनंतर पन्नास फोल्डर धुंडाळून ते नाव काढावे लागते, आणि एखादे राहून जातेच. गट असेल, तर एका ठिकाणी नाव काढले की काम होते. गटाच्या सभासदत्वातील बदल सामान्यतः पुढील लॉगिनपासून लागू होतो, हेही ठाऊक असावे. सकाळी नाव काढले, पण त्या व्यक्तीचा संगणक तसाच चालू राहिला, तर दिवसभर जुना अधिकार शिल्लक राहू शकतो. म्हणून कार्यमुक्त होणाऱ्या कर्मचाऱ्याचे लॉगिन बंद करून चालू सत्रही संपवावे, आणि कार्यमुक्तीच्या आदेशाबरोबरच ही नोंद घ्यावी.

लिनक्स सर्व्हरवर शाखेच्या सामाईक फोल्डरला २७७० असा चार अंकी आकडा देण्याची पद्धत आहे. पुढील २ या अंकामुळे त्या फोल्डरमध्ये तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप शाखेच्या गटाची होते. हा अंक नसल्यास फाइल करणाऱ्याच्या स्वतःच्या गटाची होते आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यास ती उघडता येत नाही. मग तक्रार येते आणि उपाय म्हणून ७७७ लावले जाते. नव्या फाइलीवर गटास लिहिता यावे की नाही, हे ‘यूमास्क’ नावाच्या निराळ्या आकड्यावर ठरते. सामाईक फोल्डरसाठी तो ००७ ठेवल्यास गटास पूर्ण मुभा मिळते व इतरांस काहीही मिळत नाही.

दोन कुलपे आणि वारसा

विंडोज सर्व्हरवरील फोल्डर नेटवर्कवरून खुला करताना दोन ठिकाणी अधिकार ठरवावे लागतात. एक, तो फोल्डर सामाईक करताना, आणि दुसरे, प्रत्यक्ष फाइलीवर. ही एकापाठोपाठची दोन दारे होत. नेटवर्कवरून येणाऱ्यास दोन्ही ओलांडावी लागतात, आणि दोहोंपैकी जे अधिक कडक, तेच लागू पडते. बाहेरच्या दारावर केवळ वाचण्याची परवानगी असेल, तर आत लिहिण्याची मुभा असूनही लिहिता येत नाही. याउलट जो मनुष्य थेट सर्व्हरसमोर बसून काम करतो, त्यास बाहेरचे दार लागतच नाही. म्हणून खरा बंदोबस्त आतल्या दारावर, म्हणजे फाइलींच्या अधिकारांवर असावा, आणि सर्व्हर असलेली खोली कुलूपबंद असावी.

वरच्या फोल्डरवरील अधिकार खालच्या फोल्डरांकडे वारशाने येतात. ही सोय उपयुक्त आहे, पण तीमुळे फसगतही होते. शाखेचा मुख्य फोल्डर सर्व कर्मचाऱ्यांस खुला असेल आणि त्यात पुढे कोणी ‘विभागीय चौकशी’ या नावाचा फोल्डर उघडला, तर तोही सर्वांस खुला होतो. अशा फोल्डरचा वारसा तोडून त्यास स्वतंत्र अधिकार द्यावे लागतात. असे अपवाद जितके थोडे, तितकी मांडणी समजण्यास सोपी. म्हणून गोपनीय कागदांसाठी प्रारंभीच वरच्या पातळीवर निराळा फोल्डर ठेवणे हा उत्तम मार्ग होय.

फाइलींच्या स्थलांतरातही एक बारकावा आहे. फाइलीची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये केली, तर त्या प्रतीस नव्या फोल्डरचे अधिकार लाभतात. मात्र त्याच डिस्कवर फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली, तर ती बहुधा आपले जुने अधिकार बरोबर घेऊन येते. सर्वांस खुल्या असलेल्या फोल्डरातील यादी गोपनीय फोल्डरमध्ये हलवल्याने ती गोपनीय झाली, असे गृहीत धरू नये. हलवल्यानंतर अधिकार तपासून पाहावेत. विंडोजमध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ या पानावर कर्मचाऱ्याचे नाव घातले की, त्यास त्या फाइलीवर प्रत्यक्षात काय करता येते हे दिसते.

एखाद्यास मज्जाव करण्यासाठी ‘डिनाय’ अशी सोय असते. तिचा वापर शक्यतो टाळावा. मज्जाव हा सर्वसाधारणपणे परवानगीवर मात करतो, आणि एक मनुष्य दोन गटांत असेल, तर त्यास एका गटातून मिळालेली रास्त परवानगीही निष्फळ होते. ज्यास अधिकार द्यावयाचा नाही त्याचे नाव यादीतच न घालणे, हे अधिक स्वच्छ.

लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा

येथवर पाहिलेले नियम कोणत्याही कार्यालयास लागू पडतात. परंतु काही अभिलेख असे असतात की, त्यांवर लिहिणाऱ्या प्रामाणिक मनुष्याच्या हातीही संपूर्ण अधिकार असू नये. जमिनीचा फेरफार हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये फेरफार नोंदवण्याची रीत दिली आहे. तलाठ्याने, म्हणजे २०२४ मध्ये बदललेल्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याने, नोंद घ्यावयाची. तिची प्रत चावडीवर लावावयाची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाची. त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याने तपासून नोंद प्रमाणित करावयाची, आणि मगच सातबारावर तिचा अंमल व्हावयाचा. ई-फेरफार प्रणालीने हीच रीत संगणकावर आणली. एका लॉगिनने नोंद घेता येते, पण प्रमाणित करता येत नाही. दुसऱ्या लॉगिनने प्रमाणित करता येते. नागरिकास केवळ पाहता येते. १ मे २०१८ पासून तर डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा नागरिकास घरबसल्या मिळवण्याची सोय झाली.

संहितेच्या कलम १५७ अन्वये, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानली जाते. यावरून या विभागणीचे गांभीर्य कळते. चुकीची नोंद एकदा झाली की, ती खोटी आहे हे सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर येतो आणि त्याची वर्षे खर्ची पडतात. लिहिणारा व प्रमाणित करणारा निराळे ठेवण्यात कोणावर अविश्वास नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या दृष्टीस पडावी, आणि एकट्याच्या मनात आले तरी गैरप्रकार होऊ नये, एवढाच त्यामागील हेतू आहे.

किल्ली उसनी दिली तर

परंतु कुलूप कितीही चांगले असले, तरी किल्ली उसनी दिली गेल्यास ते निरुपयोगी ठरते. याचे क्लेशदायक प्रत्यंतर जालना जिल्ह्यातच आले. अतिवृष्टी, गारपीट अशा आपत्तींत पिकांचे नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी शासन मदत देते. गावपातळीवर पंचनामे होतात, याद्या संगणकावर भरल्या जातात, तहसील पातळीवर त्या मंजूर होतात आणि रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. २०२२ ते २०२४ या काळातील अशा मदतीच्या वाटपात अंबड व घनसावंगी तालुक्यांत मोठा गैरव्यवहार झाल्याचे चौकशीत पुढे आले. अपात्र व्यक्तींची नावे घालणे, क्षेत्र वाढवून दाखवणे, एकाच नुकसानीची दोनदा रक्कम उचलणे असे प्रकार आढळल्याचे सांगण्यात आले. गैरव्यवहाराची रक्कम सुमारे २५ कोटी रुपये असल्याचे पुढे आले. २०२५ मध्ये अनेक कर्मचाऱ्यांस निलंबित करण्यात आले व पोलिसांत गुन्हा नोंदवण्यात आला. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे लॉगिन व पासवर्ड वापरून याद्या मंजूर केल्या गेल्या, हा त्यातील एक प्रमुख आरोप होता. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण प्रत्येक कार्यालयाने घ्यावयाचा धडा त्यावाचूनही स्पष्ट आहे.

प्रणालीत विभागणी होती. भरणारा निराळा, मंजूर करणारा निराळा. परंतु मंजूर करणाऱ्याची किल्ली भरणाऱ्याच्या हाती गेली, की ही विभागणी केवळ कागदावर उरते. साहेब दौऱ्यावर आहेत, मुदत आजच संपते, मंत्रालयातून विचारणा झाली आहे, अशा निमित्तांनी पासवर्ड तोंडी सांगितला जातो आणि पुढे तो बदलला जात नाही. संगणकाच्या नोंदवहीत मात्र नाव उमटते ते ज्याचा पासवर्ड त्याचेच. पासवर्ड देणारा अधिकारी अशा रीतीने न पाहिलेल्या कागदावर स्वाक्षरी करून ठेवतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या सुधारणेने घातलेल्या तरतुदींत दुसऱ्याच्या पासवर्डचा किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीचा अप्रामाणिकपणे वापर करणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा ठरवला आहे. 

निकड खरी असेल, तर त्यावरही उपाय आहे. अधिकाऱ्याच्या अनुपस्थितीत कार्यभार ज्याच्याकडे लेखी आदेशाने सोपवला, त्यास त्याच्या स्वतःच्या लॉगिनवर ठरावीक मुदतीपुरता अधिकार द्यावा व मुदत संपताच काढून घ्यावा. अधिकार सोपवता येतो, ओळख सोपवता येत नाही, हा भेद प्रत्येक कार्यालयात शिकवला गेला पाहिजे.

नोंदवही, राखीव प्रत आणि व्यवस्थापक

कोणी केव्हा कोणती फाइल उघडली, बदलली वा काढली, याची नोंद सर्व्हर ठेवू शकतो. परंतु विंडोज सर्व्हरवर फायलींच्या वापराची ही नोंद मुद्दाम चालू करावी लागते. ती चालू नसल्यास गैरप्रकारानंतर शोधण्यासारखे काहीच उरत नाही. सर्व फायलींची नोंद ठेवल्यास ढीग साचतो व कोणी पाहत नाही. म्हणून लाभार्थी याद्या, देयके, गोपनीय प्रकरणे अशा निवडक फोल्डरांची नोंद ठेवावी, आणि ती ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच ताब्यात नसावी.

सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकास सर्व दारे उघडी असतात. म्हणून त्यानेही रोजच्या कामासाठी साधे लॉगिन वापरावे व व्यवस्थापकाचे लॉगिन केवळ मांडणी बदलताना वापरावे. खंडणीखोर विषाणू ज्या लॉगिनवर शिरतो, त्या लॉगिनला जेवढ्या फायलींवर लिहिता येते, तेवढ्या सर्व तो कुलूपबंद करू शकतो. अधिकार मर्यादित असतील, तर हानीही एका शाखेपुरती राहण्याची शक्यता अधिक. राखीव प्रत निराळ्या ठिकाणी, कर्मचाऱ्यांच्या लॉगिनने लिहिता येणार नाही अशी ठेवावी, आणि तीवरून फायली खरोखर परत मिळतात की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे.

ग्रामपंचायत आणि शाळा

हा विषय मोठ्या कार्यालयांपुरता आहे, असे कोणी समजू नये. ग्रामपंचायतीत एकच संगणक असला, तरी प्रश्न तोच असतो. नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरकुलाच्या याद्या आणि बँकेचे व्यवहार एकाच पेटीत असतात. ग्रामपंचायत अधिकारी, संगणक परिचालक व अन्य कर्मचारी यांचे निराळे लॉगिन असावे. सरपंचांच्या डिजिटल स्वाक्षरीची चावी संगणकालाच लावून ठेवणे किंवा दुसऱ्याच्या खिशात देणे, हे कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्यासारखे आहे. ग्रामनिधीच्या खर्चात दोन स्वाक्षऱ्या लागतात, त्या दोन माणसांनी पाहावे म्हणून.

शाळेतील जनरल रजिस्टर हे मुलाच्या आयुष्यभराचे प्रमाण असते. जन्मतारीख, नाव व जात यांची एक नोंद पुढे दाखला, नोकरी व शिष्यवृत्ती ठरवते. जुन्या रजिस्टरांच्या प्रतिमा केवळ वाचण्यापुरत्या ठेवाव्यात. चालू वर्षाच्या नोंदी ज्या शिक्षकाकडे असतील त्यानेच भराव्यात आणि मुख्याध्यापकांनी वर्षअखेर त्या तपासून बंद कराव्यात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील संगणकांना कार्यालयीन फोल्डरचे दार दिसूच नये. मुलांना हे तत्त्व शिकवण्यास प्रयोगशाळाच योग्य जागा आहे. एक फोल्डर सर्वांस वाचण्यास, एक केवळ गटास लिहिण्यास आणि एक स्वतःचा, अशी तीन फोल्डरांची मांडणी एका तासिकेत करून दाखवता येते.

काय करावे

कार्यालय प्रमुखाने पुढील प्रश्नांची उत्तरे वर्षातून दोनदा, त्यांपैकी एकदा बदल्यांनंतर लगेच, लेखी घ्यावीत.

१. कोणत्या फोल्डरवर कोणत्या पदास काय अधिकार आहेत, याचा मंजूर तक्ता आहे काय, व प्रत्यक्ष मांडणी त्याबरहुकूम आहे काय?
२. बदली, निवृत्ती वा कंत्राट संपल्याने गेलेल्या कोणाचे लॉगिन अजून चालू आहे काय?
३. सर्वांस लिहिण्यास खुला असा एखादा फोल्डर आहे काय, व असल्यास कशासाठी?
४. यादी भरणारा व मंजूर करणारा यांचे लॉगिन खरोखर दोन निराळ्या माणसांच्या हाती आहेत काय?
५. महत्त्वाच्या फोल्डरांच्या वापराची नोंद चालू आहे काय, व ती कोणी शेवटी केव्हा पाहिली?
६. राखीव प्रतीवरून एखादी फाइल परत मिळवून पाहिली आहे काय?

या सहा प्रश्नांसाठी नवा निधी लागत नाही, नवी यंत्रसामग्रीही लागत नाही. एक दुपार, एक तक्ता आणि कार्यालय प्रमुखाचे लक्ष एवढेच लागते. ग्रामपंचायत सदस्यांनाही मासिक सभेत यांतील दुसरा व चौथा प्रश्न विचारता येतील.

सातबारावरील नाव, नुकसानभरपाईची यादी आणि शाळेतील जन्मतारीख यांवर सामान्य माणसाचा विश्वास असतो. हा विश्वास पूर्वी अभिलेख कक्षाच्या कुलपाने आणि अभिलेखपालाच्या नोंदवहीने राखला. आता तो राखण्याचे काम फोल्डरवरील अधिकारांवर आणि ते सांभाळणाऱ्या माणसांच्या शिस्तीवर येऊन पडले आहे. गारपिटीत ज्याचे पीक गेले, त्या शेतकऱ्यास सर्व्हरची मांडणी कळण्याचे कारण नाही. त्याची रक्कम त्याच्याच खात्यात जावी, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती पूर्ण होणे हेच या मांडणीचे प्रयोजन आहे.